एकच ड्राइव्ह रीसेट करायला सांगितला, तर सगळा अडॅप्टर रीसेट होतो: जुनी सॉफ्टवेअर न मोडता ही वागणूक कशी बदलावी?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी,

बॅकअपच्या कामात लागणारी एक लहान सी लायब्ररी मी आणि माझे तीन सहकारी सांभाळतो. टेप ड्राइव्ह मध्येच गप्प झाला, की त्याला रीसेट करून पुन्हा कामाला लावणारे एक फंक्शन तिच्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि त्याच्या पोटात फारसे काही नाही: लिनक्सच्या एसजी ड्राइव्हरची (उपकरणाला थेट आज्ञा पाठवू देणारा कर्नेलचा भाग) उपकरण-फाइल उघडायची, तिच्यावर रीसेटचा आयऑक्टल (ड्राइव्हरला खास काम सांगणारा सिस्टिम कॉल) पाठवायचा आणि सोबत १ हा आकडा द्यायचा. हेडर फाइलमध्ये १ म्हणजे डिव्हाइस, २ म्हणजे बस (उपकरणांचा सामाईक मार्ग), ३ म्हणजे होस्ट (अख्खा अडॅप्टर) आणि ४ म्हणजे टार्गेट (एक किंवा अनेक डिव्हाइस पोटात असलेले उपकरण) असे लिहिलेले आहे. त्यामुळे १ दिला म्हणजे तेवढाच ड्राइव्ह रीसेट होईल, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात हा समज एका रात्रीत उतरला. एका ग्राहकाकडे एकाच फायबर चॅनेल अडॅप्टरमागे सहा टेप ड्राइव्ह आहेत. त्यांतला एक अडकला, आमच्या प्रोग्रामने त्याच्यासाठी १ पाठवला, आयऑक्टलने यशाचा ० परत दिला, आणि त्याच मिनिटाला उरलेल्या पाचही ड्राइव्हवर चाललेले बॅकअप कोसळले. कर्नेलचा लॉग उघडून पाहिला तेव्हा डिव्हाइस रीसेट अयशस्वी, नंतर टार्गेट रीसेट अयशस्वी, मग बस, आणि शेवटी संपूर्ण होस्ट अडॅप्टरचा रीसेट यशस्वी, अशी चढती भाजणी दिसली. एका खोलीचा फ्यूज बदलायला बोलावलेल्या वायरमनने इमारतीचा मेन स्विच पाडून ‘काम झाले’ म्हणून निघून जावे, तसा हा प्रकार.

माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की, पुढच्या आवृत्तीत हे फंक्शन फक्त मागितलेल्या उपकरणापुरते थांबवावे आणि ते जमले नाही तर स्पष्ट त्रुटी परत द्यावी. परंतु हे फंक्शन आमच्या स्वतःच्या प्रोग्रामांखेरीज ग्राहकांच्या स्क्रिप्टांमध्येही पसरलेले आहे, आणि त्यांतल्या काहींचे काम ‘रीसेट मारला की ड्राइव्ह परत येतो’ एवढ्याच अनुभवावर चाललेले आहे. तो अनुभव कदाचित या चढत्या रीसेटमुळेच आला असेल. तेव्हा जुन्या फंक्शनचा अर्थ बदलावा, की नवे फंक्शन द्यावे? आणि यात कर्नेलकडून काही मदत मिळते का, की प्रत्येक पायरी आम्हीच हाताळायची?


कोरडाकोड:

आपल्याला पडलेला प्रश्न कर्नेलच्या स्कझी (डिस्क, टेप यांच्याशी बोलण्याची पद्धत) विभागालाही पडून गेलेला आहे, आणि त्यांनी दिलेले उत्तर आपल्याला जवळपास जसेच्या तसे वापरता येईल.

आधी यंत्रणा नीट पाहू. रीसेटचा आयऑक्टल आला की कर्नेल एका स्विच-केसमध्ये शिरतो. डिव्हाइसच्या केसमध्ये लो-लेव्हल, म्हणजे त्या अडॅप्टरच्या, ड्राइव्हरचे डिव्हाइस-रीसेट हँडलर बोलावले जाते. यश मिळाले तर तिथेच ब्रेक, नाही तर नियंत्रण खालच्या केसमध्ये, म्हणजे टार्गेटमध्ये, ओघळते. तिथून बसमध्ये, आणि तिथून होस्टमध्ये. हा कुणी विसरलेला ब्रेक नव्हे. आज्ञेची मुदत संपल्यावर कर्नेलची स्वतःची त्रुटी-निवारण यंत्रणा ज्या शिडीने चढते, तीच शिडी इथे मुद्दाम वापरलेली आहे. त्यामुळे १ या आकड्याचे नाव जरी ‘डिव्हाइस’ असले, तरी त्याने दिलेले वचन ‘हे उपकरण रीसेट करतो’ असे कधीच नव्हते. ते ‘डिव्हाइसपासून सुरुवात करतो आणि यश मिळेपर्यंत वर चढतो’ असे होते. नाव एक सांगते आणि कृती दुसरे करते, आणि लोकांचे प्रोग्राम नेहमी कृतीवर बेतलेले असतात.

आता प्रत्येक केसच्या शेवटी सरसकट ब्रेक घालणे का जमले नसते, ते पाहा. सगळ्या अडॅप्टरांच्या ड्राइव्हरांमध्ये चारही पायऱ्यांची हँडलर असतातच असे नाही. ज्या ड्राइव्हरमध्ये डिव्हाइस-रीसेटचे हँडलरच नाही, तिथे ती पायरी ताबडतोब अपयश परत देते. अशा अडॅप्टरवर १ चा अर्थ पहिल्या दिवसापासून ‘बस रीसेट’ किंवा ‘होस्ट रीसेट’ हाच होता, आणि तो वापरणाऱ्या माणसाला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तिथे ब्रेक टाकला असता, तर वर्षानुवर्षे चालणारी त्याची स्क्रिप्ट एका कर्नेल-अद्ययावतीनंतर बंद पडली असती. आणि वापरकर्त्याचा चालू प्रोग्राम मोडायचा नाही या नियमावर लिनस टोरवाल्ड्स किती कडक आहेत, ते इथे बहुतेकांना माहीत असेल.

म्हणून जुन्या आकड्यांना हात न लावता त्यांच्या शेजारी एक स्वतंत्र बिट ठेवण्यात आला, हेक्स १००, म्हणजे दशमान २५६. त्याचे नाव ‘नो एस्कलेट’. हा बिट १ मध्ये मिसळून हेक्स १०१ पाठवला, तर फक्त डिव्हाइस रीसेटचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर आयऑक्टल ईआयओ (उपकरणाशी देवाणघेवाण फसली) ही त्रुटी देतो. शिडी चढली जात नाही. एसजी-थ्री-युटिल्स संचातल्या रीसेटच्या आज्ञेलाही याच अर्थाचा पर्याय आहे. बिट न देणाऱ्यांसाठी काहीही बदलले नाही.

जुन्या कर्नेलचे काय, हा प्रश्न इथे सुदैवाने सुटसुटीत आहे. त्यांतला एसजी ड्राइव्हर अनोळखी आकडा दिसला की ईइन्व्हॅल (अमान्य आकडा) ही त्रुटी देऊन परत पाठवत असे. म्हणजे हेक्स १०१ तिथे चुकून १ म्हणून वाचला जात नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण याच्या उलट उदाहरण ओपन या सिस्टिम कॉलचे आहे. तो अनोळखी फ्लॅगांकडे सरळ दुर्लक्ष करत आला. परिणामी त्यात नवा फ्लॅग घालताना तो जुन्या कर्नेलवर नापास व्हावा अशी बिटांची जुळवाजुळव करावी लागे, आणि अखेर कर्नेल ५.६ मध्ये अनोळखी फ्लॅग नाकारणारा वेगळाच कॉल आणावा लागला. अनोळखी आकड्याला पहिल्या दिवसापासून नाही म्हणणाऱ्याने इथे पुढच्या पिढीचे काम सोपे करून ठेवले होते.

एकच सापळा टाळा. ईइन्व्हॅल आला की ‘जुना कर्नेल दिसतो, मग साधा १ पाठवू’ असा परतीचा रस्ता आपल्या लायब्ररीत लिहू नका. ज्याने ‘चढू नका’ म्हणून सांगितले, त्याच्याच बाबतीत आपण गुपचूप चढाल.

जाता जाता, टार्गेटचा आकडा ४ असूनही त्याची पायरी १ आणि २ यांच्यामध्ये का, असे वाटले असेल, तर त्याचे कारण म्हणजे टार्गेट नंतर आले आणि जुने आकडे हलवता येत नव्हते. पण आकडे तेच राहिले तरी १ ची वागणूक तेव्हा थोडी बदललीच: डिव्हाइस फसल्यावर थेट बसवर जाण्याऐवजी मध्ये एक सौम्य पायरी आली. जुनी वागणूक गोठवून ठेवणे म्हणजे तिला अजिबात स्पर्श न करणे, असे नसते. जास्त नुकसान करणाऱ्या पायरीच्या आधी कमी नुकसान करणारी पायरी घातली तर कुणी तक्रार करत नाही. शेवटची पायरी काढून घेतली तर करतात.


तंतूजाल:

वरील उत्तर एका यंत्रापुरते बरोबर आहे, पण सॅनवर (अनेक सर्व्हरांना सामाईक साठवणूक पुरवणारे जाळे) काम करणाऱ्यांना त्यात एक महत्त्वाची बाजू राहिल्यासारखी वाटेल. चढती शिडी बंद केली, म्हणजे रीसेट ‘फक्त आपल्यापुरता’ झाला, असा समज कृपया करून घेऊ नका.

फायबर चॅनेलवर डिव्हाइस रीसेट म्हणजे साधारणतः त्या लनला (टार्गेटमधले एकेक स्वतंत्र उपकरण) पाठवलेली लन-रीसेटची आज्ञा. लन जर चार सर्व्हरांमध्ये सामाईक असेल, तर त्या चौघांच्याही रांगेत असलेल्या आज्ञा त्या क्षणी रद्द होतात. त्या रद्द झाल्याचे इतर तिघांना कळते कसे, हे उपकरणाच्या कंट्रोल मोड पेजमधल्या (उपकरणाच्या सेटिंगांचा तक्ता) टास नावाच्या बिटवर अवलंबून आहे. तो १ असेल, तर प्रत्येक रद्द आज्ञेला ‘टास्क अबॉर्टेड’ अशी स्थिती परत मिळते. तो ० असेल, तर आज्ञा निमूटपणे नाहीशा होतात, आणि त्या सर्व्हरला पुढच्या आज्ञेवर युनिट अटेन्शन (उपकरणाची स्थिती बदलल्याची सूचना) मिळेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत पत्ताही लागत नाही. युनिट अटेन्शनमध्ये येणारा संकेत म्हणजे हेक्स २९. त्याच्या उपसंकेतांवरून वीज गेली होती, बस रीसेट झाली, की लन रीसेट झाला, हे वेगळे ओळखता येते. सगळी उपकरणे हा भेद प्रामाणिकपणे करतात, असे मात्र नाही. अनेक जण सरसकट २९-०० देऊन मोकळे होतात.

दुसरी गोष्ट आरक्षणाची, म्हणजे एका सर्व्हरने उपकरण स्वतःसाठी राखून ठेवण्याची. जुन्या पद्धतीचे रिझर्व्ह आणि रिलीज वापरून घेतलेले आरक्षण रीसेटने सुटते. ही त्रुटी नसून मानकातच लिहिलेली वागणूक आहे, आणि तिच्यावर मोठमोठी सॉफ्टवेअर उभी राहिलेली आहेत. विंडोज २००० चे क्लस्टर मेलेल्या नोडचे आरक्षण मोडायला बस रीसेट वापरत असे, आणि त्याचा उपद्रव त्या बसवरच्या सगळ्यांना होई. २००३ मध्ये स्टोरपोर्ट ड्राइव्हरबरोबर तिथे लन रीसेट आला. आणि २००८ च्या फेलओव्हर क्लस्टरने पर्सिस्टंट रिझर्व्हेशनची सक्ती करून रीसेटचा हा वापरच काढून टाकला. पर्सिस्टंट रिझर्व्हेशन लन रीसेटनंतर टिकते, हाच तर त्याचा मुद्दा आहे. या सगळ्यात ‘रीसेट’चा मूळ हेतू, म्हणजे अडकलेले उपकरण सोडवणे, कुठेच नाही. लोक परिणामासाठी रीसेट वापरत होते.

तेव्हा रात्रपाळी यांना माझी विनंती अशी की, आधी आपल्या स्क्रिप्टांमध्ये कोण कशासाठी रीसेट मारतो, ते शोधून काढावे. टेपच्या दुनियेत बॅकअप सर्व्हर कोसळल्यावर ड्राइव्हवर त्याचे आरक्षण तसेच राहते आणि दुसऱ्या सर्व्हरला ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ मिळत राहतो. हे सोडवायला रीसेट मारणारी स्क्रिप्ट आपल्याकडे नक्की सापडेल. तिला शिडीची गरज नाही, तिला लन रीसेट पुरतो.


उलटतपासणी:

मी थोडा विरोधी सूर लावतो.

‘जुने तसेच ठेवा आणि नवा फ्लॅग द्या’ हे उत्तर कर्नेलसाठी योग्य आहे, कारण कर्नेलला आपला वापरकर्ता कोण हे कधीच कळत नाही. पण त्याचा परिणाम काय होतो, तेही पाहा. धोकादायक वागणूक कायमची मूळ ठरते आणि सुरक्षित वागणूक मागून घ्यावी लागते. हेडर वाचून नवा प्रोग्राम लिहिणारा मुलगा आजही ‘डिव्हाइस’ हे नाव पाहून १ देईल आणि रात्रपाळी यांच्यासारखाच एके रात्री शिकेल. म्हणजे जुन्यांचे रक्षण नव्यांच्या खर्चाने झाले.

लायब्ररीकडे कर्नेलकडे नसलेले एक साधन आहे, ते म्हणजे चिन्हांची आवृत्ती: एकाच नावाच्या फंक्शनची जुनी आणि नवी रूपे शेजारी ठेवता येतात. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतले मेमकॉपीचे, म्हणजे मेमरीतले बाइट नकलणाऱ्या फंक्शनचे, प्रकरण आठवा. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटू लागला, कारण मेमकॉपीच्या नव्या, वेगवान रूपात बाइट उलट दिशेने उचलले जात होते आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी मेमकॉपी वापरत होता, जे मानकाने कधीच चालवून घेतलेले नाही. चूक फ्लॅशची, पण बोंब वापरकर्त्याची. जीलिबसी २.१४ मध्ये तोडगा असा निघाला की, आधी बांधलेल्या बायनरींना जुन्या आवृत्तीचे चिन्ह मिळते आणि ते मेमकॉपीच्या ठिकाणी सुरक्षित मेममूव्ह चालवते. नव्याने बांधलेल्यांना नवे रूप मिळते. हेच इथे करावे. जुनी बायनरी जशी आहे तशी चढत राहील आणि नव्याने कंपाइल होणाऱ्या प्रोग्रामाला त्याच नावाखाली न चढणारे रूप मिळेल.

निदान जुनी वागणूक नेमकी कोणती पायरी गाठते, ते दिसले तरी पाहिजे. पीसीआयच्या (यंत्रात कार्डे जोडण्याची पद्धत) बाबतीत कर्नेल ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ साली, एक चांगली सोय झाली. प्रत्येक उपकरणाच्या सिस्-एफएस (कर्नेलची माहिती फाइलींतून दाखवणारी सोय) फोल्डरमध्ये रीसेट-मेथड नावाची फाइल आली, जिच्यात त्या उपकरणासाठी रीसेटच्या कोणत्या पद्धती, कोणत्या क्रमाने वापरल्या जातील, ते लिहिलेले असते. तिच्यात एकाच पद्धतीचे नाव लिहिले तर फक्त तीच वापरली जाते, ‘डिफॉल्ट’ लिहिले तर मूळ क्रम परत येतो, आणि काहीच न लिहिणाऱ्याला फरक पडत नाही. व्यवस्थापकाला प्रोग्राम न बदलता वागणूक बदलता येते, हे मला फ्लॅगपेक्षा जास्त पटते.


कोरडाकोड:

पीसीआयच्या फाइलबद्दल सहमत. मेमकॉपीच्या दाखल्याबद्दल मात्र नाही.

मेमकॉपीमध्ये जुने आणि नवे रूप मानकाप्रमाणे एकच काम करत होते. नियमात वागणाऱ्या प्रोग्रामाला दोन्हींतला फरक कळण्याचे कारण नव्हते. इथे दोन रूपे दोन वेगळी कामे करतात. ग्राहकाने सुट्टीच्या आधल्या संध्याकाळी एक ओळही न बदलता प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला, की त्याचा रीसेट वर चढायचे थांबेल, आणि हे त्याला कंपायलर सांगणार नाही, लिंकर सांगणार नाही, सांगेल तो अडकलेला ड्राइव्ह. अर्थ बदलायचा असेल तर नाव बदला. जुने नाव कंपाइल करताना ‘हे फंक्शन होस्टपर्यंत चढते, नवे वापरा’ अशी सूचना द्या. हेडर वाचणाऱ्या आपल्या त्या मुलाला ती पहिल्याच दिवशी दिसेल.

पायरी दिसली पाहिजे, हे मात्र अगदी खरे. आजचा आयऑक्टल डिव्हाइस रीसेट होऊन सुटला तरी ० देतो आणि होस्ट रीसेट होऊन सुटला तरी ० देतो. मूळ प्रश्नातली रात्र इतकी महागात पडली, ती चढण्यामुळे जेवढी, तेवढीच या ० मुळे.


रात्रपाळी:

सर्वांचे मनापासून आभार. तंतूजाल यांच्या सूचनेप्रमाणे दोन दिवस बसून ग्राहकांकडून मिळालेल्या सगळ्या स्क्रिप्टा चाळल्या, आणि जे सापडले ते माझ्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले.

बहुतेक ठिकाणी रीसेट मारला जातो तो कोसळलेल्या सर्व्हरचे आरक्षण सोडवण्यासाठी, हे भाकीत तंतोतंत खरे ठरले. एका ठिकाणी रीसेट हा केवळ दर रात्री बॅकअप सुरू होण्याआधीचा विधी झालेला आहे. तो कुणी, कशासाठी घातला, ते तिथल्या कुणालाही सांगता आले नाही, पण काढायला कुणी तयार नाही. शिडीची खरोखर गरज असलेली स्क्रिप्ट एकच निघाली. तिच्या यंत्रातला जुना अडॅप्टर डिव्हाइस रीसेट करतच नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक ‘डिव्हाइस रीसेट’ आजवर होस्ट रीसेट होता. त्या यंत्राला एकच ड्राइव्ह जोडलेला असल्याने कुणाला कळले नाही, इतकेच. मी आवेशात ब्रेक टाकला असता, तर हाच ग्राहक सर्वांत आधी फोन करून विचारता झाला असता.

आता ठरवलेले असे. नव्या नावाचे फंक्शन येईल. ते हेक्स १०० चा बिट नेहमी लावेल आणि कर्नेल जुना असेल तर सरळ ‘जमत नाही’ म्हणून परत येईल. जुने फंक्शन चढत राहील, पण ते मी आतून वेगळ्या रीतीने लिहू इच्छितो. एकदाच १ पाठवण्याऐवजी मी ओळीने हेक्स १०१, १०४, १०२ आणि १०३ पाठवीन, म्हणजे डिव्हाइस, टार्गेट, बस आणि होस्ट या क्रमाने एकेक पायरी, प्रत्येक न चढणारी. कर्नेलची शिडी तीच, फक्त पायऱ्या मी मोजेन, आणि ज्या पायरीवर यश आले ती लॉगमध्ये लिहीन. परत जाणारा आकडा जुन्यासारखाच राहील. यात काही चुकते आहे का?


कोरडाकोड:

कल्पना चांगली आहे, पण तिला ‘तीच शिडी’ म्हणू नका. कर्नेल जेव्हा स्वतः चढतो, तेव्हा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत त्या होस्टवर रीसेट चालू असल्याची खूण लावलेली असते, आणि ती उतरल्यावरच थांबलेल्या रांगा पुन्हा हलवल्या जातात. आपण चार वेगळे आयऑक्टल पाठवलेत, तर प्रत्येकाच्या शेवटी ती खूण उतरेल, रांगा हलतील, आणि अर्धवट सावरलेल्या उपकरणाकडे नव्या आज्ञा जातील. त्यांतली एखादी अडकली, तर आपण टार्गेट रीसेट पाठवेपर्यंत कर्नेलची स्वतःची त्रुटी-निवारण यंत्रणाही जागी झालेली असेल, आणि मग एकाच शिडीवर दोघे चढत असतील.

जुन्या बायनरींसाठी जुना १ च पाठवा. पायऱ्या मोजणारे रूप हवे असेल तर तेही नव्या नावाने द्या. जुन्या फंक्शनमध्ये फार तर एवढे करा की, आधी हेक्स १०१ पाठवावा, यश आले तर ‘डिव्हाइसवरच सुटले’ अशी नोंद करावी आणि अपयश आले तर साधा १ पाठवून ‘डिव्हाइसच्या पलीकडे गेले असण्याचा संभव’ अशी नोंद करावी. डिव्हाइसची पायरी दोनदा होईल, थोडा वेळ जाईल; पण मध्ये फट पडलीच तर ती एकदाच, आणि त्यानंतरची सगळी चढण एका दमात होईल.


टेपकाका:

बराच वेळ वाचतो आहे. आता दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली ही की, ज्या फ्लॅगची एवढी चर्चा झाली, तो फक्त तुमच्या आयऑक्टलला लागू आहे. ड्राइव्हवर चाललेली एखादी आज्ञा मुदत संपून अडकली, तर कर्नेल आपल्या मार्गाने आधी ती रद्द करायला जाईल आणि जमले नाही तर डिव्हाइसपासून होस्टपर्यंत स्वतःच चढेल, तुमच्या लायब्ररीला न विचारता. टेपच्या एसटी ड्राइव्हरमध्ये साध्या आज्ञांची मूळ मुदत ९०० सेकंद आणि लांबलचक कामांची १४,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ चार तास ठेवलेली आहे, ती काही हौसेने नव्हे. एसजीमार्गे स्वतः आज्ञा पाठवताना मुदत फार आखूड दिलीत, तर तुम्ही दाराने बाहेर काढलेला होस्ट रीसेट खिडकीतून आत येईल. त्या रात्री पहिला ड्राइव्ह ‘अडकला’ होता, की गुंडाळत असताना तुमच्याच मुदतीने त्याला अडकलेला ठरवले, हे लॉगमध्ये एकदा पाहून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रीसेटनंतर अनेक ड्राइव्ह टेप गुंडाळून आरंभाशी नेतात. एसटी ड्राइव्हरला हे ठाऊक असल्यामुळे रीसेटनंतर तो वाचन-लेखनाला ईआयओ देत राहतो, जोवर वापरकर्ता रिवाइंडसारखी एखादी आज्ञा देऊन ‘टेप कुठे आहे ते मला माहीत आहे’ असे सिद्ध करत नाही. लोकांना हा त्रास वाटतो, पण तो त्यांच्या भल्याचा आहे. एसजीमार्गे थेट लिहिणाऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांच्याकडे फक्त युनिट अटेन्शन असते, आणि ते एका यंत्राला एकदाच मिळते. त्याच यंत्रावर दुसरा एखादा देखरेखीचा प्रोग्राम दर मिनिटाला ‘टेस्ट युनिट रेडी’ विचारत असेल, तर ते युनिट अटेन्शन तोच गिळतो, आणि लिहिणाऱ्याची पुढची आज्ञा टेपच्या आरंभी बिनतक्रार यशस्वी होते. त्यापुढचा सगळा जुना मजकूर गेला म्हणून समजा. अलीकडच्या कर्नेलमध्ये स्कझीच्या गाभ्यातच रीसेटच्या युनिट अटेन्शनचा मोजणी-आकडा ठेवू लागले आहेत, ते याचसाठी, म्हणजे ते कुणी का गिळेना, वरच्या ड्राइव्हरला कळावे.

तुमच्या होस्ट रीसेटने पाच ड्राइव्ह कोसळले, असे तुम्ही लिहिलेत. कोसळले ते वाचले. माझी चिंता आहे ती एखादा ड्राइव्ह कोसळला नसेल, त्याची.


रात्रपाळी:

काका, तुमचे शेवटचे वाक्य वाचून लगेच त्या रात्रीचे लॉग पुन्हा काढले. पाचांपैकी चार ड्राइव्ह एसटीमार्गे होते आणि ते ईआयओ देऊनच थांबले. पाचवा आमच्याच प्रोग्रामातून एसजीमार्गे लिहीत होता, आणि त्याला मिळालेली त्रुटी युनिट अटेन्शनची नसून रद्द झालेल्या आज्ञेची होती. प्रोग्रामने तीच आज्ञा पुन्हा पाठवायला घेतली होती. ती गेली नाही, कारण तेवढ्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने सगळीच कामे हाताने बंद केली.

त्या टेपवर पहिल्या ब्लॉकपासून काय आहे, ते आज सकाळी लिहिण्याचे कुलूप लावून वाचून पाहिले. जुना मजकूर शाबूत आहे. यापुढे कोणतीही आज्ञा पुन्हा पाठवण्याआधी ‘रीड पोझिशन’ विचारून ब्लॉकचा आकडा आमच्या हिशेबाशी जुळतो का ते पाहायचे आणि जुळला नाही तर काम थांबवायचे, हा बदल नव्या फंक्शनची वाट न बघता आजच आत घालतो आहे. याने जुन्या कुणाचेही काही मोडत नाही. मुदतीबद्दलही तुमचा संशय बरोबर निघाला: पहिल्या ड्राइव्हला टेप गुंडाळण्यासाठी आम्ही १२० सेकंद दिले होते.


टेपकाका:

१२० सेकंद पूर्ण टेप गुंडाळायला पुरतीलच असे नाही. तेवढी मुदत आधी वाढवा; निम्म्या वेळा रीसेटची वेळच येणार नाही.